रक्त, श्रीखंड आणि जेल: व्हिस्कॉसिटी मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर-पीथमपूरकडचे फार्मसीचे विद्यार्थी, पॅथॉलॉजी लॅबमधले टेक्निशियन, घरगुती दुग्धपदार्थ विकणारे आणि अधूनमधून एखाद्या पेशंटचे नातेवाईक यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना स्वतःच्या रिपोर्टपुरतंच बघायचं आहे त्यांनी थेट प्रश्न ८ ते ११ वाचावेत. यंत्राशी झटापट चालू असेल तर आधी ४ आणि ६.

१. व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा ना? मग एक आकडा सांगा की. शिअर रेट मध्ये कशाला आणता?

द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. शेजारच्या दोन थरांच्या वेगातल्या फरकाला त्यांच्यातल्या अंतराने भागलं की शिअर रेट मिळतो, त्याचं एकक 'प्रति सेकंद'. थर सरकवायला दर क्षेत्रफळामागे जेवढं बळ लागतं तो शिअर स्ट्रेस. स्ट्रेसला शिअर रेटने भागा, की आली व्हिस्कॉसिटी, पाठ्यपुस्तकातली श्यानता. एकक मिलिपास्कल-सेकंद, सेंटिपॉइज म्हणजे तेच. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा आकडा १.००२.

पाणी, ग्लिसरीन किंवा साखरेचा पाक हळू ढवळा नाहीतर जोरात, तापमान तेच असेल तर हा भागाकार बदलत नाही. हे न्यूटोनियन द्रव. रक्त, श्रीखंड, केचप, कार्बोपोल (औषधी जेल घट्ट करायला वापरतात तो पदार्थ) घातलेलं जेल यांचा भागाकार शिअर रेटबरोबर बदलतो. त्यामुळे शिअर रेट आणि तापमान सोबत नसलेला 'व्हिस्कॉसिटी ८,००० सेंटिपॉइज' असा आकडा कुणी पाठवला तर मी तो वाचून बाजूला ठेवतो. त्यातून काहीच कळत नाही.

२. रक्त नॉन-न्यूटोनियन का असतं? त्यात निम्म्याहून जास्त तर प्लाझ्माच असतो.

प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, जवळपास न्यूटोनियन आहे; ३७ अंशांना साधारण १.१ ते १.३ मिलिपास्कल-सेकंद. सगळी करामत तांबड्या पेशींची. प्रवाह मंद असला की फायब्रिनोजेन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांमुळे पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रांगा करतात. त्यांना रूलो म्हणतात. रांगा असलेलं रक्त जड वाहतं. शिअर रेट वाढला की आधी रांगा तुटतात. आणखी वाढला की सुट्या पेशी ताणल्या जाऊन प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि विरोध अजून कमी होतो.

म्हणून ३७ अंशांना, ४५ टक्के हिमॅटोक्रिटचं (म्हणजे ४५ टक्के जागा तांबड्या पेशींनी व्यापलेलं) निरोगी रक्त २०० प्रति सेकंदाला ४ ते ५ मिलिपास्कल-सेकंद दाखवतं, आणि तेच रक्त ०.१ प्रति सेकंदाला ५० च्या घरात जातं. दहापट फरक, तोही एकाच ट्यूबमधल्या रक्तात.

ही दोन कारणं सुटी करून दाखवली शू चिएन यांनी, १९७० मध्ये. पेशी प्लाझ्माऐवजी अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावणात ठेवल्या तर रांगा होत नाहीत आणि कमी शिअर रेटची ती वाढ जवळजवळ नाहीशी होते. पेशी रसायनाने कडक केल्या तर जास्त शिअर रेटला होणारी घटही जाते. एवढं नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

३. आमच्या कॉलेजात ऑस्टवाल्डची काचेची नळी आहे. त्यात रक्त मोजलं तर चालेल का?

प्लाझ्मा आणि सीरम जरूर मोजा, रक्त नको. केशनळीत शिअर रेट मध्यभागी शून्य आणि भिंतीशी सर्वांत जास्त असतो. न्यूटोनियन द्रवाला त्याने फरक पडत नाही. रक्ताच्या बाबतीत मात्र जो आकडा येतो तो कोणत्या शिअर रेटचा, हे सांगताच येत नाही. शिवाय ही नळी कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी देते, म्हणजे सेंटिस्टोक. सेंटिपॉइज हवे तर घनतेने गुणायला हवं. व्हायव्हात हमखास विचारतात आणि हमखास चुकतं.

ज्याच्या नावावरून पॉइज हे एकक आलं तो पॉइझ्य मुळात डॉक्टर होता आणि त्याला रक्तप्रवाहच समजून घ्यायचा होता. नळीत रक्त गोठायचं, म्हणून केशनळीचे त्याचे प्रसिद्ध प्रयोग बहुतेक पाण्यावर झाले. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो हा नियम त्यातूनच निघाला.

४. लॅबमध्ये ब्रुकफील्ड आहे. त्यावर रक्ताची पूर्ण कर्व्ह काढता येईल?

ब्रुकफील्ड म्हणजे द्रवात स्पिंडल फिरवून त्याला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजणारं यंत्र; कर्व्ह म्हणजे शिअर रेटनुसार व्हिस्कॉसिटीचा आलेख. बीकरमध्ये स्पिंडल सोडून तर नाहीच. कोन-प्लेट जोड असेल तर अर्धी कर्व्ह मिळेल. अर्धी का, ते हिशोबाने पाहू.

कोन-प्लेट म्हणजे सपाट प्लेटवर फिरणारा चपटा शंकू (इंग्रजी 'कोन'). त्याची खुबी ही, की दोघांमधल्या फटीत सगळीकडे शिअर रेट सारखा असतो. एलव्ही मॉडेलवरचा सीपी-४० कोन घ्या: शंकूचा उतार ०.८ अंशांचा, नमुना अर्धा मिलिलिटर, आणि शिअर रेट म्हणजे आरपीएम गुणिले ७.५. यंत्राची पूर्ण टॉर्क ६७३.७ डाइन-सेंटिमीटर आणि कोनची त्रिज्या २.४ सेंटिमीटर. त्यावरून पूर्ण स्केलचा स्ट्रेस साधारण २३ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर निघतो. ३० आरपीएमला, म्हणजे २२५ प्रति सेकंदाला, ४ सेंटिपॉइजच्या रक्ताचा स्ट्रेस ९ भरतो आणि टॉर्क ३९ टक्क्यांच्या आसपास दिसते. हे वाचन उत्तम.

आता १ आरपीएम लावा. ७.५ प्रति सेकंदाला रक्त ८ सेंटिपॉइज धरलं तरी स्ट्रेस ०.६, टॉर्क अडीच टक्के. दहा टक्क्यांखालच्या टॉर्कवर विश्वास ठेवायचा नाही, हा या यंत्राचा साधा नियम. स्क्रीनवर आकडा येतोच, दशांश चिन्हासकट येतो, आणि तोच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जातो. म्हणून सेंटिपॉइजच्या रकान्याशेजारी टॉर्कचा रकाना मागा. तो नसेल तर तक्ता परत करा.

खालच्या टोकासाठी जास्त संवेदनशील ऱ्हिओमीटर किंवा कमी शिअरसाठीच बनवलेलं एकात एक सिलिंडरांचं यंत्र लागतं. प्रश्न ६ तिथूनच सुरू होतो.

५. नमुना कोणत्या ट्यूबमध्ये घ्यायचा? आणि किती वेळात मोजायचा?

ईडीटीए किंवा हेपॅरिन. सायट्रेटची निळ्या बुचाची ट्यूब नको. तिच्यात आधीच द्रव असतो, रक्त पातळ होतं आणि हिमॅटोक्रिट खाली येतो. दंडाची पट्टी फार वेळ आवळून ठेवू नका, नाहीतर उलट होतं: पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि नमुना दाट येतो. खोलीच्या तापमानाला ठेवलेलं रक्त चार तासांच्या आत मोजून टाकावं. झाबुआ-आलिराजपूरहून बसने नमुना मागवून मोजायचा बेत असेल तर वेळेचा हिशोब आधी करा.

मोजण्याआधी ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करायची. खळाखळा हलवलीत तर पेशी फुटतात, हिमोग्लोबिन प्लाझ्मात उतरतं, मग मोजून उपयोग नाही.

३७ अंश हे वॉटर बाथने राखलेले ३७ अंश हवेत. मे महिन्यात इंदूरला बाहेर ४२ असतं, लॅबमध्ये 'तेवढंच असेल' म्हणून बाथ न लावणारेही भेटतात. एका अंशामागे रक्ताची व्हिस्कॉसिटी सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. शिवाय अर्धा मिलिलिटर रक्त गार धातूच्या प्लेटवर पडलं की ते प्लेटचं तापमान घेतं, म्हणून थोडं थांबूनच वाचन घ्या. एक अपवाद लक्षात ठेवा: काही पेशंटच्या रक्तात गारठ्यात पेशी चिकटवणाऱ्या अँटिबॉडी असतात. असा नमुना घेतल्यापासून मोजेपर्यंत कोमटच ठेवावा लागतो.

६. कमी शिअर रेटला वाचन एका जागी थांबतच नाही, सारखं खाली घसरतं. यंत्र खराब आहे का?

बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. एकाच वेळी तीन गोष्टी चाललेल्या असतात.

पहिली, रांगा मोठ्या झाल्या की पेशी भिंतीपासून आत सरकतात आणि भिंतीशी प्लाझ्माचा पातळ थर उरतो. कोन किंवा सिलिंडर त्या थरावर घसरतो आणि टॉर्क पडते. दुसरी, पेशी खाली बसू लागतात. तिसरी गोष्ट उलट दिशेची: रक्त जिथे हवेला लागतं तिथे प्रथिनांची साय धरते आणि ती टॉर्क वाढवते. कमी शिअरच्या चांगल्या यंत्रात या सायीसाठी वेगळी गार्ड रिंग असते, तिने साय अडवली जाते.

मग करायचं काय? आधी जास्त शिअर रेटला थोडा वेळ फिरवून सगळ्या रांगा मोडा. मग एकदम हवा तो कमी रेट लावा. टॉर्क चढते, शिखर गाठते आणि उतरू लागते. शिखराचं वाचन घ्या. पुढच्या रेटला जाण्याआधी पुन्हा रांगा मोडायच्या. 'स्थिर झाल्यावर वाचन घ्यावे' हे मॅन्युअलमधलं वाक्य तेलांसाठी ठीक आहे, इथे ते पाळलं तर प्लाझ्माचा थर मोजला जातो.

७. माझ्या दोन नमुन्यांचा हिमॅटोक्रिट ३८ आणि ४८ आहे. तुलना कशी करू?

सरळ नाही. तांबड्या पेशींचं प्रमाण हा रक्ताच्या व्हिस्कॉसिटीवरचा सर्वांत मोठा प्रभाव. ४५ वरून ६० टक्क्यांवर गेलं की जास्त शिअर रेटलाही आकडा जवळजवळ दुप्पट होतो. पेशंट बायका आणि निरोगी पुरुष अशी तुलना करून 'या आजारात रक्त पातळ होतं' असा निष्कर्ष काढलेला प्रबंध वाचण्यात आला आहे. तो निष्कर्ष आजाराचा नाही, हिमॅटोक्रिटचा आहे.

दोन वाचनं द्या: एक नमुना जसा आहे तसा, दुसरं ठरावीक हिमॅटोक्रिटवर आणून. आणताना त्याच माणसाचा प्लाझ्मा वापरायचा. सलाइन घातलंत तर रूलो करणारी प्रथिनंच पातळ होतात आणि कमी शिअरचं वाचन बिघडतं.

८. बाबांना डॉक्टरांनी 'सीरम व्हिस्कॉसिटी' लिहून दिली आहे. हे रक्ताचंच ना?

रक्त गोठल्यावर वर सुटतो त्या पिवळसर द्रवाची ही तपासणी, यात पेशी नसतात. वाल्डनस्ट्रॉमचा आजार किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांत एखादं प्रथिन बेसुमार वाढतं, त्याने सीरम दाट होतं का ते यात बघतात. रिपोर्टमध्ये पाण्याशी गुणोत्तर असतं; साधारण १.४ ते १.८ सामान्य, आणि धूसर दिसणं, नाका-हिरड्यांतून रक्त, डोकेदुखी, गुंगी ही लक्षणं बहुधा ४ च्या वर गेल्यावर येतात. लक्षणं असतील तर रिपोर्टसाठी ताटकळू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. प्लाझ्मा बदलून हा दाटपणा लगेच उतरवता येतो.

९. आई रोज रक्त पातळ करायची गोळी घेते. तिची व्हिस्कॉसिटी कमी यायला हवी ना?

नाही. अॅस्पिरिन प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाही, वॉरफॅरिन गोठण्याच्या घटकांवर काम करतं. दोन्हींनी गुठळी होण्याची शक्यता घटते, रक्त वाहण्याचा दाटपणा होता तेवढाच राहतो. गोळीचा परिणाम बघायचा तर वॉरफॅरिनसाठी आयएनआर असतो, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. व्हिस्कॉसिटीचा आकडा बघून गोळी कमी-जास्त करणं धोक्याचं आहे.

पाणी कमी प्यायल्याने रक्त दाट होतं का, हेही याच पत्रांत विचारतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी घटलं की हिमॅटोक्रिट चढतो, तेवढ्यापुरतं होतं. पॉलिसायथिमियात मात्र पेशीच जास्त तयार होतात. तिथे रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवतात. कितीही पाणी प्यायलं तरी तो प्रश्न सुटत नाही.

१०. ईएसआर वाढलाय म्हणजे रक्त दाट झालंय का?

ईएसआर पेशी किती भरभर खाली बसतात ते सांगतो, म्हणजे आडून रूलोबद्दल सांगतो. फायब्रिनोजेन वाढलं की ईएसआर आणि कमी शिअरची व्हिस्कॉसिटी दोन्ही वाढतात. पण अॅनिमियात पेशी कमी असल्याने त्या झटपट बसतात, ईएसआर चढतो आणि रक्त मात्र पातळ असतं. एकावरून दुसरं काढू नये.

११. आमच्या भागात सिकल सेलचे पेशंट बरेच आहेत. व्हिस्कॉसिटीवरून निदान होईल का?

निदान होणार नाही, त्यासाठी सॉल्युबिलिटी टेस्ट आणि मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी आहे. १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल मोहिमेतही तपासणी याच वाटेने होते.

मोजणाऱ्यासाठी मात्र हा नमुना अवघड. ऑक्सिजन कमी झाला की सिकल हिमोग्लोबिनचे धागे होऊन पेशी ताठ होतात आणि जास्त शिअर रेटलाही व्हिस्कॉसिटी चढते. प्रश्न २ मधल्या कडक केलेल्या पेशींसारखंच. म्हणजे तोच नमुना उघडा ठेवून मोजला आणि बंद ट्यूबमधून काढल्या काढल्या मोजला, तर दोन वेगळी उत्तरं येतील. ऑक्सिजनची स्थिती लिहिल्याशिवाय सिकल सेलचा आकडा देऊ नये.

१२. माणसाचं रक्त वापरायला एथिक्सची परवानगी लागते. बकऱ्याचं आणलं तर?

नॉन-न्यूटोनियन वर्तन दाखवायचं असेल तर बकऱ्याच्या रक्ताने पंचाईत होईल. बकरी, मेंढी, गाय यांच्या तांबड्या पेशी रूलो जवळजवळ करतच नाहीत, त्यामुळे कमी शिअरची वाढ फारशी दिसत नाही. बकरीच्या पेशी आकारानेही आपल्या पेशींच्या जेमतेम चौथाई. घोड्याचं रक्त दुसऱ्या टोकाला, भरपूर रूलो करणारं. माणसाच्या जवळचं डुकराचं.

नुसता प्रवाहाचा प्रयोग असेल तर वजनाने ४० टक्के ग्लिसरीन आणि बाकी पाणी घ्या. २० अंशांना ३.७ मिलिपास्कल-सेकंद मिळतात, मोठ्या धमनीतल्या रक्ताच्या जवळ. त्यात किंचित झँथन गम घातला तर शिअरने पातळ होणंही येतं. पेशी खाली बसणं आणि प्रश्न ६ मधल्या गमती त्यात मिळणार नाहीत.

१३. कंपनीने जेलला ८,००० सेंटिपॉइज मागितले, आमच्याकडे २,७०० आले. माल नापास?

आधी दोघांचा स्पिंडल नंबर, आरपीएम, भांडं, तापमान आणि किती वेळाने वाचन घेतलं ते जुळवा. समजा त्यांनी १२ आरपीएमला मोजलं आणि तुम्ही ६० ला. पाचपट वेगाला व्हिस्कॉसिटी ८,००० वरून २,७०० वर आली, तर पॉवर लॉचा (स्ट्रेस शिअर रेटच्या एका घाताच्या प्रमाणात असतो हे समीकरण) घातांक साधारण ०.३३ निघतो. कार्बोपोलसारख्या जेलसाठी हे अगदी शक्य आहे. म्हणजे माल तोच, वेग वेगळा.

शिअर रेटचा अंदाज हवा असेल तर मोठ्या भांड्यातल्या दंडगोल स्पिंडलसाठी आरपीएमला ०.२०९ ने गुणा आणि घातांकाने भागा. १२ आरपीएमला ७.७ च्या आसपास येईल, ६० ला ३८. चकतीच्या स्पिंडलला हे सूत्र लावू नका. ६०० मिलिलिटरच्या बीकरऐवजी बरणीतच स्पिंडल बुडवणाऱ्यांनी दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतील ही आशाही सोडावी.

१४. श्रीखंडाला सुरुवातीला खूप टॉर्क येते, मग एकदम पडते. कोणता आकडा धरू?

दोन्ही धरा, दोन्हींचा अर्थ वेगळा. श्रीखंड ठरावीक स्ट्रेसपर्यंत हलतच नाही. त्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात, आणि चमच्यावरचा गोळा त्यामुळेच ओघळत नाही. सुरुवातीचं शिखर त्या मोडण्याचं. नंतरची घट अर्धी खरी आणि अर्धी फसवी: गुळगुळीत स्पिंडलभोवती पाणी सुटतं आणि स्पिंडल त्यात नुसता घसरतो. प्रश्न ६ मधला प्लाझ्माचा थर, तसंच हे.

चार पात्यांचा व्हेन स्पिंडल वापरा. तो खुपसताना माल फारसा मोडत नाही आणि घसरगुंडीही होत नाही. अगदी मंद फिरवून शिखर टिपा. डब्यात ओतल्यावर फ्रिजमध्ये किती वेळ ठेवलं तेही लिहा, कारण मोडलेलं श्रीखंड विसावलं की पुन्हा काही अंशी धरतं. आपल्या इंदुरी शिकंजीसाठीही (लिंबाची नव्हे, दुधाची दाट) हेच, फक्त त्यातला सुका मेवा आधी गाळून घ्या. पिस्त्याचा तुकडा पात्याला अडकला की टॉर्क पिस्त्याची येते.

१५. कर्व्हवर कोणतं समीकरण बसवू? एक्सेल तर सगळीच बसवतं.

रक्ताला कॅसन. हे समीकरण १९५९ मध्ये छपाईच्या शाईसाठी आलं, पण रक्ताला छान लागू पडतं: स्ट्रेसचं वर्गमूळ आणि शिअर रेटचं वर्गमूळ यांची सरळ रेषा. शिअर रेट शून्य असताना ती स्ट्रेसचा अक्ष जिथे छेदते त्याचा वर्ग म्हणजे यील्ड स्ट्रेस, रक्तासाठी काही मिलिपास्कल एवढाच. प्रश्न ४ मधल्या यंत्रावरची जास्त शिअरची वाचनं घेऊन ही रेषा शून्यापर्यंत ओढू नये. श्रीखंड, केचपला हर्शेल-बल्कली, म्हणजे यील्ड स्ट्रेस जोडलेला पॉवर लॉ. पॉवर लॉ मोजलेल्या टापूपुरताच, त्याच्या बाहेर तो वाट्टेल ते सांगतो.

१६. बारीक नळीत रक्ताची व्हिस्कॉसिटी कमी येते असं वाचलं. कोनच्या टोकाशीही फट अगदी बारीक असते. मग तिथे घोळ होत नाही का?

वाचलंत ते बरोबर. फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवलं, की नळीचा व्यास ०.३ मिलिमीटरच्या खाली गेला की रक्ताची भासमान व्हिस्कॉसिटी उतरत जाते. पेशी मधून धावतात, भिंतीशी प्लाझ्मा राहतो. केशवाहिनीएवढ्या, सात-आठ मायक्रॉनच्या आसपास ती सर्वांत कमी होते, त्याहून बारीक नळीत मात्र झपाट्याने चढते.

सीपी-४० च्या टोकाशी फट सुमारे १३ मायक्रॉन आणि तांबडी पेशी ८ मायक्रॉन, तेव्हा शंका रास्त आहे. पण टॉर्क त्रिज्येच्या घनाने वाढते. कोनच्या आतल्या अर्ध्या त्रिज्येचा वाटा फक्त एक अष्टमांश, आणि बाहेरच्या कडेला फट ०.३३ मिलिमीटर आहे. रक्ताला त्यामुळे चालून जातं. आंब्याचा रस, कोरफडीचा गर किंवा दाणेदार चक्का यांना हा कोन नको. एखादा दाणा टोकाखाली आला की तो कोन उचलून धरतो, फट बदलते आणि त्यानंतरची सगळी वाचनं वाया जातात.